मुकादम विचारतात

हमीद मुकादम, वय एकोणसाठ, डॉकयार्ड रोड,
धंदा : एसी-फ्रिज दुरुस्ती.
डाव्या बाजूचा हर्निया.
पाठीत सुई दिली, कमरेखालचा माणूस झोपला,
वरचा जागा राहिला,
आणि जागा माणूस बोलतो.

पडद्यापलीकडे जाळी शिवली जात होती.
अलीकडे ते मान वळवून माझं मशीन बघत होते,
नळ्या, काटे, पिवळ्या टोपणाची बाटली,
सुतार दुसऱ्याच्या घरातलं कपाट बघतो तसे.
"डॉक्टर, ह्यात गॅस कुठला भरता?"
मी नाव सांगितलं.
"म्हणजे आमच्याच गॅसचा चुलतभाऊ."
मग बऱ्याच वेळाने,
"आणि पेशंटनं सोडला, की जातो कुठं?"

बावीस वर्षं भूल देतेय.
दुखेल का, विचारतात. चहा घेतला तर चालेल का, विचारतात.
जाग येईल ना, हे तर प्रत्येकजण.
हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

"वर," मी म्हटलं. "गच्चीत पाइप निघतो."

संध्याकाळी बघायला गेले.
सहावा मजला, पाण्याच्या टाकीमागे
बांगडीएवढं तोंड, खाली वाकवलेलं,
कबुतरं शिरू नयेत म्हणून तारेची जाळी,
शेजारी दोरीवर वाळणारे हिरवे गाऊन.
लांब माहुलच्या चिमण्या.
त्यांच्याकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे.
इथून काहीच दिसत नव्हतं.
ना धूर, ना रंग,
किंचित गोडसर वास, तोही माझाच भास असेल.
दिवसभर निजवलेली माणसं
खाली वॉर्डात उठून पाणी मागत होती.
त्यांची झोप मात्र इथून निघून
अजून वर चढत होती.
कुठली वर्ष-दोन वर्षं टिकते,
कुठली चौदा,
आणि तो हसवणारा वायू, तो शंभर वर्षांच्याही पलीकडे,
माझ्या पणतीच्या पोरांना भेटेल.

आम्हाला शिकवलं होतं, हात सैल ठेव,
दोन लिटर, तीन लिटर, गॅसला काय तोटा.
माझी आई तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालायची.
तिच्या लेकीने एवढी वर्षं नळ उघडा ठेवला.

घरी जाताना मुकादम म्हणाले,
"गळती शोधायला मीटर कशाला?
साबणाचा फेस लावा. फेस खोटं बोलत नाही."

तळघरातली सिलिंडरची खोली.
यशवंत घाडी, निवृत्तीला सात महिने,
हातात मग, मगात कपड्याचा साबण.
"निळी तीन संपतात मॅडम, दर महिन्याला."
सिस्टर तुस्कानोंनी रजिस्टर उलटं-सुलटं केलं :
वापर, महिन्याकाठी अर्धंही नाही.
पहिला जोड गप्प. दुसरा गप्प.
तिसऱ्यावर फेस हलला.
एक बुडबुडा, मग त्याच्या पाठीवर दुसरा,
तान्हं मूल झोपेत ओठांनी करतं तसा.
घाडी उकिडवे बसून बघत राहिले.
"म्हणजे इतकी वर्षं
आपण भिंतीलाच भूल देत होतो."

पाइपलाइन बंद करा, असा अर्ज दिलाय.
तीन सह्या झाल्या, चौथी रजेवर आहे.
तोवर माझा काटा अर्ध्या लिटरवर,
चुन्याचे खडे पुरते जांभळे होईतो बदलू देत नाही,
जिथे सुईने भागतं तिथे सुई.
सर्जन म्हणतात, बाई कंजूष झाल्या.
झाले.

दहाव्या दिवशी मुकादम टाके काढायला आले.
ओपीडीच्या दारातूनच,
"मिळाली का?"
"मिळाली."
"किती?"
"एक."
ते हसले नाहीत.
"एकटी नसते कधी," म्हणाले,
आणि शर्टाच्या खिशातून
दुकानाचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.